टपालाची पेटी

आमच्या भागात कुणी 'पारगावला निघालोय' म्हणालं की समोरचा हमखास विचारतो, 'कोणतं पारगाव?' पारगावं दोन आहेत. एक जुन्नर तालुक्यातलं, पारगाव तर्फे आळे. दुसरं आंबेगाव तालुक्यातलं, घोड नदीच्या अंगाचं, पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. दत्तात्रयनगरला भीमाशंकर साखर कारखाना झाल्यापासून या दुसऱ्याला 'कारखान्याचं पारगाव' म्हटलं की पुरतं. पण १९५१ साली कारखाना नव्हता, आणि माझ्या वडिलांच्या हातात स्कूल बोर्डाचा जो हुकूम होता त्यावर 'पारगाव' एवढंच अक्षर नीट लागत होतं. पुढचं शाईत फराटलेलं.

नाना गेले आळ्याकडच्या पारगावला. डोक्यावर वळकटी, हातात पत्र्याची पेटी. तिथल्या गुरुजींनी पाणी दिलं, हुकूम उन्हात धरून वाचला आणि म्हणाले, "अहो, तुमचं पारगाव हे नाही. तुम्ही घोडेकडच्या पारगावचे. आता जेवा, झोपा, उद्या निघा." दुसऱ्या दिवशी नाना काही वाट मोटारीनं आणि बरीचशी पायी चालून आपल्या जागी पोचले. शाळा पारगावपासून जरा आत, एका वाडीवर होती. एकशिक्षकी. चार इयत्ता, एक खोली, एक गुरुजी. एक दिवस उशीर झाला म्हणून त्यांनी लेखी खुलासा दिला. नाना सांगायचे, "माझी नोकरीच खुलाशानं सुरू झाली."

हे सगळं आज लिहायचं कारण असं, की गेली काही वर्षं शिक्षकांच्या कामाच्या ओझ्याबद्दल पुष्कळ बोललं जातं, आणि त्याच्या जोडीनं 'शिक्षकानं सकारात्मक राहिलं पाहिजे' हेही. आमच्या घरात तीन पिढ्या शिक्षक. नाना, मी आणि आता माझी सून. म्हणजे सत्तर वर्षांवर हे ओझं आमच्या घरातून ये-जा करतंय. ते कसं बदलत गेलं आणि त्याखाली मन ताजं कसं ठेवायचं, याचं जे थोडं मला कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, हे ओझं आजचं नाही. आणि त्याची सुरुवात वाईट हेतूनंही झालेली नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढं महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. अध्यापक विद्यालयात असताना ते मी पहिल्यांदा वाचलं. प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, वेळ पडली तर नांगर धरायला त्यांना लाज वाटू नये, त्यांना शेतीचं आणि आरोग्याचं थोडं ज्ञान असावं, पगार महिना बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस तरी असावा, असं जोतीरावांनी मांडलं. आणि त्याच्या पुढं आणखी एक गोष्ट होती. शिक्षकाला गावचे हिशेब तपासणं, दस्तांची नोंद करणं, टपालाचं काम बघणं किंवा स्टँप विकणं असली कामं दिली तर गावात त्याचा मान वाढेल, आणि लोकांवर त्याचा चांगला परिणाम होईल. म्हणजे शिक्षकाला शाळेबाहेरचं काम द्यावं, हे सुचवणारा माणूस शिक्षकाच्या बाजूचाच होता. त्यामागं विचार होता तो गुरुजीला गावाचा माणूस करण्याचा.

नानांच्या वाट्याला यातलं टपाल आलं. शाळेतच शाखा डाकघर. खेड्यापाड्यांत तेव्हा मास्तरच पोस्टमास्तर असायचा, त्याचा वेगळा थोडा भत्ता मिळायचा. आमच्या भागातले पुष्कळ गडी मुंबईला. कुणी डबे पोचवायला, कुणी गोदीत, कुणी माथाडीत. खेड, आंबेगाव, जुन्नर हे डबेवाल्यांचे तालुके म्हणूनच ओळखले जातात. महिन्याच्या दहा तारखेनंतर मनिऑर्डरी यायला लागायच्या. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळींचा मजकूर असायचा, तो नानांनी वाचून दाखवायचा. 'बैलाला पेंड घ्यावी. आईच्या डोळ्याला औषध आणावं. दिवाळीला येतो.' वाचून झालं की ऐकणारी बाई म्हणायची, "पुन्यांदा वाचा की गुरुजी." नाना पुन्हा वाचायचे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा तर सहा-आठ महिने सगळी वाडी आण्यांचे पैसे करून घ्यायला शाळेत येत होती. एका आण्याचे सव्वासहा पैसे. तो सव्वाचा पाव कुठं जातो, हे नानांनी लोकांना किती वेळा समजावलं असेल त्याचा हिशेब नाही.

पुढं ग्राम शिक्षण मोहीम आली. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ती सुरू झाली आणि बघता बघता राज्यभर पसरली. दिवसा पोरं, रात्री त्यांचे आईबाप. देवळात कंदील टांगून नाना बायाबापड्यांना अक्षरं गिरवायला लावायचे. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. आमच्या वाडीचाही झाला. हार-तुरे झाले, फोटो निघाला. पण दोन-तीन वर्षांनी त्यातल्या बऱ्याच जणी पुन्हा अंगठा उठवू लागल्या, कारण वाचायला घरात काही नव्हतं. नाना ते दुःख बोलून दाखवत नसत. पण मनिऑर्डरीवर पुन्हा अंगठा आला की शाईचा पॅड जरा जोरात आपटत.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषद आली. स्कूल बोर्ड गेलं, दिपोटीच्या जागी विस्तार अधिकारी आले. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा शाळेत सुकडी वाटायची, आणि दुष्काळी कामावर गेलेल्या आईबापांची पोरं संध्याकाळपर्यंत सांभाळायची, हेही गुरुजींच्याच अंगावर. मी तेव्हा चौदा वर्षांचा. सुकडीची पोती शाळेच्या कोपऱ्यात असत आणि नाना त्यावर बसून पहिलीची पोरं वाचायला घेत.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस भलताच आनंदी असणार. मलाही लहानपणी तसंच वाटायचं. शाळेत नाना कधी कुणावर खेकसलेले मी पाहिले नाहीत. नव्या पोराला जवळ घेऊन पाटीवर हात धरून गिरवायला लावताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. मग मी स्वतः मास्तर झालो आणि मला वाटायला लागलं की असला स्वभाव देवच देतो. नानांना दिला, मला दिला नाही.

मी १९८० साली लागलो. सुरुवातीची वर्षं बरी गेली. पुढं हळूहळू वाढत गेलं. मतदार याद्या, निवडणुका, पटनोंदणी, पशुगणनेला मदत, दारिद्र्यरेषेचा सर्व्हे. १९९५ पासून महिन्याला प्रत्येक पोरामागं तीन किलो तांदूळ वाटायचा, त्याची ऐंशी टक्के हजेरी काढायची, पोत्याची घट लिहायची. त्याच वर्षाअखेरीस पल्स पोलिओ सुरू झालं. काम वाईट एकही नव्हतं. तांदूळ पोरांच्याच पोटात जात होता, पोलिओ तर आपल्या डोळ्यांदेखत हटला. पण प्रत्येक कामाचं एक रजिस्टर, प्रत्येक रजिस्टराचा एक गोषवारा, आणि प्रत्येक गोषवारा 'आजच्या आज, खास दूतासोबत'. खास दूत म्हणजे मीच. सायकलीवर.

२००० च्या दिवाळीनंतर माझा जोडीदार शिक्षक बदलून गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. त्याच सुमारास गळीत हंगाम सुरू झाला. बीड-नगरकडच्या टोळ्या आल्या, उसाच्या फडाजवळ कोप्या पडल्या. त्यातली सात-आठ पोरं मी शाळेत आणून बसवली. त्यात नऊ वर्षांची एक पोरगी होती. दरवर्षी सहा महिने उसात, त्यामुळं तिला अक्षरओळखही नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "गुरुजी, आकडे आधी शिकवता का?"

म्हटलं, "का गं? आधी अ, आ नको?"

"नको. मुकादमाच्या वहीत आमच्या दादांची उचल मांडलेली हाय. ती मला वाचायचीय."

मुकादम लबाड होता असं मी म्हणत नाही. मला ते ठाऊकच नाही. पण ज्याला वाचता येत नाही त्याला लबाडी कुठली आणि साधी चूक कुठली हेही कळत नाही. तो नुसता घाबरून असतो. ती पोरगी तशी घाबरलेली होती.

मी तिला म्हटलं, उद्यापासून घेऊ. दुसऱ्या दिवशी तांदळाचा अहवाल होता. तिसऱ्या दिवशी मीटिंग. मग पोलिओ. मग शिरगणतीचं प्रशिक्षण. ती रोज पुढं येऊन बसायची, माझ्या टेबलावरच्या कागदांकडं बघायची आणि काही न बोलता पाटीवर फुलं काढत राहायची. एकपासून वीसपर्यंत कसेबसे झाले. उचल हजारांत असते.

फेब्रुवारी २००१ मध्ये जनगणना झाली. ९ ते २८ फेब्रुवारी. मी प्रगणक होतो आणि कोप्या माझ्याच भागात आल्या. संध्याकाळी तिच्या कोपीपुढं बसलो. आई चूल पेटवत होती. नाव, वय, धर्म, मातृभाषा असं लिहीत लिहीत तिच्या ओळीवर आलो. साक्षर की निरक्षर? सात वर्षांवरच्या माणसाला समजून वाचता-लिहिता येत असेल तरच साक्षर लिहायचं, असा नियम. ती समोर उकिडवी बसून माझ्या पेनाकडं बघत होती. माझ्याच शाळेच्या हजेरीत जिचं नाव होतं, त्या पोरीच्या पुढं मी माझ्याच हातानं 'निरक्षर' लिहिलं.

मार्च लागला आणि टोळी दुसऱ्या पट्ट्यात गेली. सकाळी बघतो तर कोप्यांच्या जागी नुसती राख आणि पाचट. त्या पोरीला नंतर मी कधी पाहिलं नाही.

त्या आठवड्यात मी नोकरी सोडायचं ठरवलं. वीस वर्षं झाली होती. रात्री ओसरीवर नानांना सांगितलं. नाना पंच्याहत्तरीचे होते, ऐकू जरा कमी यायचं. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "तुम्ही एवढं सगळं केलं नाना, आणि कायम हसतमुख. कसं काय जमवलं?"

नाना म्हणाले, "कोण हसतमुख? मी? तुझ्या आईला विचार."

आई आतूनच म्हणाली, "घरी आले की वाघ व्हायचे. भाकरी करपली तरी खुलासा मागायचे."

आम्ही तिघंही हसलो. मग नाना जरा वेळानं म्हणाले, "तुला टपालाची पेटी आठवती का?"

आठवत होती. सागवानी, पितळी कड्याची. तिकिटं, कार्डं, तारखेचा शिक्का, मनिऑर्डरीचे पैसे सगळं त्यात. साडेदहा-अकराला टपाल यायचं. पण नाना ते पेटीत ठेवून कुलूप लावायचे, ते थेट दुपारच्या सुट्टीत उघडायचे. मला वाटायचं, पैशाच्या भीतीनं.

"पैशाची भीती कसली? पेटी उघडली की माणसं येणार. माणसं आली की दिवस गेला. म्हणून सुट्टीपर्यंत पेटी बंद. पाटील आला तरी बसा म्हणायचो, पाणी द्यायचो, पण पेटी उघडायची नाही. तेवढ्या वेळात पहिलीची पोरं वाचून घ्यायची. चौथीतली आपलं आपण वाचत्यात. पहिलीतल्याला माणूस लागतं." मग म्हणाले, "दिवसभर चांगलं राहणं मला कधीच जमलं नाही. त्या दोन तासांत जमायचं. त्यावर बाकीचा दिवस निघायचा."

"आणि साहेब रागावले तर?"

"रागवायचेच. शेरे बघ माझे."

नानांची जुनी कागदपत्रं मी नंतर काढून पाहिली. 'माहिती उशिरा सादर करतात' असा शेरा एकदा नाही, अनेकदा होता. त्याच्याच शेजारी 'इयत्ता १ ली वाचन चांगले' हाही होता.

एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे, नाहीतर नानांचं चित्र अर्धवट राहील. हा मुकाट्यानं सोसणारा माणूस नव्हता. डिसेंबर १९७७ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक केंद्रासारखा महागाई भत्ता मिळावा म्हणून संपावर गेले. चौपन्न दिवस चालला तो संप. नाना पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत संपात होते. वाण्याची उधारी वाढली, आईची पाटली गहाण पडली. तेव्हा मला राग आला होता, आता अभिमान वाटतो. आम्हाला एका प्रशिक्षणात उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवून 'सकारात्मक राहा, तक्रार करू नका' असं तासभर सांगितलं गेलं. मागच्या बाकावरचा एकजण हळूच म्हणाला, "साहेब, पंखा सकारात्मक करा आधी." चांगलं मन ठेवणं आणि गप्प बसणं ही दोन वेगळी कामं आहेत. नाना पोरांसमोर शांत असायचे आणि मोर्चात घोषणा द्यायचे. दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यातून.

मी राजीनामा दिला नाही. जून २००१ पासून पेटीचा नियम माझ्या शाळेत लावला. अकरा ते साडेबारा कुठलाही कागद हातात घ्यायचा नाही. टेबलावर काही ठेवायचंच नाही, सगळं कपाटात. पहिली-दुसरीची पोरं आणि हंगामात कोप्यांवरून आलेली पोरं त्या वेळात माझ्याजवळ. कोप्यांवरच्यांना आकडे आधी. मोजमापाची पावती, उचलीचा हिशेब, एस.टी.चं तिकीट, बाजाराचं बिल, हेच त्यांचं पुस्तक. चार महिन्यांत हजारापर्यंत वाचता येईल असा मी त्यांचा वेगळा क्रमच केला. सगळी शिकली असं नाही. पण त्यानंतरच्या कुठल्याही हंगामात एकही पोर वीसवर अडकून गेलं नाही.

त्याची किंमत पडली. माहिती उशिरा गेल्याबद्दल मला दोनदा नोटीस आली, एकदा एक वेतनवाढ लांबली. घरात त्यावरून बोलणी झाली. पण रात्री झोप लागायला लागली. माझा अनुभव असा, की मास्तर कामाच्या ढिगानं तेवढा थकत नाही. आज आपल्या हातून एका पोराचं काय झालं हे ज्या दिवशी सांगता येत नाही, त्या दिवशी तो जास्त थकतो. नानांच्या टपालाला माणसाचा चेहरा होता, पुन्यांदा वाचा म्हणणारा. माझ्या गोषवाऱ्यांना नुसते रकाने होते. म्हणून चेहरा मलाच रोज शोधून, धरून ठेवावा लागला.

पुढं कायदाही आला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सत्ताविसाव्या कलमात आहे, की दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक, एवढं सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये. आम्ही पेढे वाटले. पण बाकीचे अहवाल 'शैक्षणिक'च आहेत असं ठरलं आणि पेढे वाया गेले. तरी कायद्यात ठेवलेल्या कामांबद्दल माझी तक्रार नाही. ३० जुलै २०१४ ला आमच्याच तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. तिथं त्या वेळी शिक्षकानं 'हे माझं काम नाही' म्हणावं असं कुणालाच वाटणार नाही. २०११ च्या जनगणनेलाही मी पुन्हा प्रगणक होतो, पण या वेळी खिशात एक वेगळी वही ठेवली. घरोघरी, कोपीकोपीला शाळेबाहेरचं पोर दिसलं की त्यात टिपायचो आणि दुसऱ्या दिवशी आणायला जायचो. फुल्यांनी म्हटलं होतं ते इथं मला पटलं. गुरुजी उंबऱ्यापर्यंत गेला तर काम त्याला शिकवतं सुद्धा. मात्र त्यासाठी उंबऱ्यावरून परत आल्यावर त्याला वर्गात वेळ मिळाला पाहिजे.

नाना २००९ मध्ये गेले. मी २०१६ ला सेवानिवृत्त झालो. आता सून शिक्षिका आहे. तिची शाळा द्विशिक्षकी. तिच्या मोबाइलवर किती ग्रुप आहेत ते तिलाच ठाऊक. सकाळपासून टुंग टुंग सुरू. लिंक भरा, फोटो टाका, किती पोरं जेवली ते एसेमेस करा. गेल्या वर्षी एकदा घरी येऊन ती बराच वेळ चप्पलही न काढता ओसरीवर बसून राहिली. मी काही विचारलं नाही. चहा झाल्यावर माळ्यावरून नानांची पेटी काढून पुसली आणि तिच्यापुढं ठेवली. पितळी कडी काळी पडलीय, कुलपाची किल्ली हरवलीय. तिला पेटीची गोष्ट सांगितली, त्या पोरीचीही सांगितली.

आता पेटी तिच्या वर्गात आहे. शाळा भरली की मोबाइल त्यात जातो, दुपारच्या सुट्टीत निघतो. पहिल्या महिन्यात तिला फोन न उचलल्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं. परवा मी विचारलं, "रोज जमतं का गं?"

म्हणाली, "रोज नाही, मामा. आठवड्यातून तीन दिवस."

तीन दिवस म्हणजे पुष्कळ झाले. नानांनासुद्धा सहाच्या सहा दिवस जमत नसणार. बाजाराच्या दिवशी तर नाहीच.